पहिल्या भाकरीची शपथ

माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे असा, की तिनं परसातून म्हशीला हाक मारली की वेशीजवळच्या थांब्यावरची माणसं वळून बघायची. लहानपणी मला तिची लाज वाटायची. पुढं मी सोलापुरात शिक्षिका झाले, पन्नास पोरांच्या वर्गापुढं घसा बसायला लागला, आणि मग मला अक्काचा हेवा वाटायला लागला.

आमच्या घरात दोन भाषा. व्यवहार मराठीत, माया आणि राग कानडीत. अक्का लग्न होऊन मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावात गेली, तिथंही तेच. तिला मराठीत भांडता येत नाही. सुरुवात मराठीत करते, पण दुसऱ्या वाक्याला पारा चढला की थेट कानडीत शिरते, ती समोरचा हात जोडेपर्यंत परत येत नाही. दाजी म्हणतात, "मराठी बोलतीया तवर भ्यायचं काम न्हाई." हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी हे मुद्दाम आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढं त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही.

अक्काच्या परसात पत्र्याची एक शेड आहे. तिथं बचत गटाच्या बायका कडक भाकरी करायच्या. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेच्या कडेला उभी करून पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. सोलापुरातली दुकानं ती शेंगाचटणीच्या पुडीबरोबर विकतात, आणि पुण्या-मुंबईची माणसं गावाकडची चव म्हणून घेऊन जातात. हे काम सुरू केलं ते दोघींनी, अक्कानं आणि खालच्या गल्लीतल्या एका बाईनं. मी त्या बाईला वैनी म्हणते. खालची गल्ली म्हणजे कुठल्या लोकांची, हे आमच्याकडं कुणी उच्चारून सांगत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही.

या दोघींची एक रीत होती. सकाळी तवा तापला की पहिली भाकरी कडक करायची नाही. ती जाडसर थापायची, टम्म फुगू द्यायची आणि तिथंच चुलीपुढं मोडून दोघींनी अर्धी अर्धी खायची, वर चटणी आणि तेलाची धार. तवा नीट तापलाय का ते बघायला, असं अक्का म्हणायची. अक्काची सासू होती तोवर या वेळी तोंड फिरवून बसायची. अक्का मुद्दाम तिच्यासमोर बसून खायची, आणि चांगली मचमच आवाज करून. तशी खोडीलच ती.

सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा गटातल्या बायकांनीच अक्काला उभं केलं. सगळ्यात आधी वैनी म्हणाली, "तुमीच ऱ्हावा हुबा, अक्का. तुमचा आवाज तालुक्यापातूर जातोय की." त्यांना फार काही नको होतं. सगळ्या गावाचं सांडपाणी उतरून खालच्या गल्लीत येतं आणि वैनीच्या दारात तुंबतं. तिथं बंदिस्त गटार पाहिजे होतं. समोर उभी होती ती ज्या घरात सरपंचपद वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे, त्या घरातली सून. बिचारी भाषणाला उभी राहिली की सासऱ्याकडं बघायची. बायका म्हणायच्या, अक्का आताच निवडून आलीय, मतदान नुसतं उरकायचं राहिलंय.

मलाही तसंच वाटत होतं. निवडणुकीच्या कामाला मी कितीतरी वेळा गेले आहे. सकाळी सगळ्यांदेखत मशीनवर चाचणीची मतं टाकायची, मोजून दाखवायची, पुसायची, मग सील लावायचं, प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. शिक्षक मंडळी या कामाला वैतागतात. मला ते आवडायचं. पायानं अधू असलेली म्हातारी लेकाच्या पाठीवर बसून येते, बोटाला शाई लावून घेते आणि बाहेर जाऊन ती शाई उन्हात धरून बघते, तेव्हा मी हातातलं काम थांबवून तिच्याकडं बघत राहायचे. "मशीनची काळजी करू नकोस," मी अक्काला म्हणाले होते, "एवढी सीलं असतात, माशी शिरायची नाही आत." मशीनमध्ये शेवटपर्यंत माशी शिरली नाही, हे खरंच आहे. बायकांच्या कानांना सील लावायचं काम कुणाकडंच नव्हतं.

मतदानाला आठवडा राहिला असताना दाजींनी मला मोबाईलवर एक आवाज पाठवला. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत डबा उघडून बसले होते. आवाज अक्काचा. पहिल्या शब्दाला मी हसले सुद्धा, कारण मला वाटलं ती माझ्याशीच बोलते आहे. मग तो आवाज म्हणाला, "खालच्या गल्लीच्या हातची भाकरी मी विकते, खात नाही. लोकांना दाखवायला पहिला घास तोंडात घालते आणि मागच्या दाराला जाऊन थुंकते."

एवढंच. मी ते पुन्हा ऐकलं. तिचा श्वास, वाक्याच्या शेवटी तिला येतो तो बारीक खोकला, सगळं तिचं. गटाच्या बायका भाकरीच्या जाहिरातीसाठी तिचे व्हिडिओ करून टाकायच्या, त्यातूनच कुणीतरी आवाज उचलला असणार आणि यंत्राकडून हवं ते वदवून घेतलं असणार. हे असं करता येतं, आणि ते फार अवघडही नाही, हे आता मला कळलं आहे. कुणी केलं ते आजतागायत कळलेलं नाही. आवाज अक्काचा होता, पण राग तिचा नव्हता. तो राग मराठीत होता, तोही बातम्या देणाऱ्या बाईच्या मराठीत.

मी घाबरीघुबरी होऊन फोन केला तर अक्का हसत होती. "तंगी, ऐकलीस काय? मी मराठीत भांडतीया!" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. ती मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारत नाही. तिला वाटत होतं, गाव दोन दिवस हसेल आणि सोडून देईल. इतकी वर्षं जिचं ओरडणं ऐकलं तिचं ओरडणं कोणत्या भाषेत असतं, हे गाव विसरेल कसं?

गाव विसरलं. मंद्रूपच्या बाजारात अक्का भाकरी-चटणी विकायला बसायची, त्या ओट्यापुढून नेहमीच्या बायका मान खाली घालून गेल्या. खालच्या गल्लीतली माणसं समाजमंदिरापुढं जमली, मोबाईल मध्ये ठेवून पुन्हा पुन्हा ऐकत बसली. दाजी तिथं जाऊन सांगत होते की ही आमची मंडळी अशी बोलतच नाही, हिला मराठीत एवढं जमत नाही. एक जण म्हणाला, "मोठ्या लोकांत बसली आसंल तवा बोलली आसंल सुद्द."  खोटं नीटनेटकं होतं, तोच त्याचा पुरावा ठरला.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी शेडमध्ये आली. रोजच्यासारखी पहिली भाकरी मोडली, अर्धी खाल्ली, हात झटकले. म्हणाली, "येडी हाईत समदी. मी शेजारी हुबी आस्ते. थुकाय गेली आस्ती तर मला दिसलं नसतं व्हय?" हेच तिनं गल्लीत जाऊनही सांगितलं. साक्षीदार म्हणावा तर तिच्याइतका पक्का दुसरा कोण होता? लोक म्हणाले, हिला अक्कानं पढवलंय. तिच्या सुनेनंही तेच म्हटलं. डोळ्यांनी बघणारी खोटी आणि न बघता ऐकवणारा खरा, असा न्याय मी पहिल्यांदा पाहिला.

मी सोलापुरात पोलिसांकडं रीतसर तक्रार केली. तिथल्या माणसानं पाणी दिलं, नीट लिहून घेतलं. म्हणाला, हा आवाज कुणाकडून कुणाकडं गेला हे मागं मागं शोधत जायला वेळ लागतो, मॅडम. त्याचं काही चुकलं नव्हतं. वेळ लागतोच. मतदान मात्र येत्या रविवारनंतरच्या गुरुवारी होतं. बाहेर येऊन मी स्टँडवरच्या बाकावर बसले आणि माझा इतका संताप झाला की शेजारच्या बाईनं आपली पिशवी जवळ ओढली.

शपथेची कल्पना अक्काची. आमच्या भागात एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द पडला आणि पुरावा नसला, की माणसं महादेवाच्या देवळात जातात. कपाळाला विभूती लावायची, पिंडीवरचं बेलाचं पान उचलून तळहातावर घ्यायचं आणि शपथ घ्यायची. चोरीचे, बांधाचे, संशयाचे कितीतरी तंटे असे मिटलेले मी ऐकले आहेत. शपथेनंतर त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नाही, हा दंडक. आणि आणखी एक दंडक आहे. ज्या गोष्टीचा आळ आला ती गोष्ट आधी स्वतःच्या तोंडानं, पुरी, जशीच्या तशी बोलायची. "माझ्यावर आळ आलाय तो खोटा आहे," असं मोघम चालत नाही. देवाला कळलं पाहिजे की न्याय कशाचा करायचा.

कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी हे असंच केलं, देवळात माणसं असायची, माणसांना कान असायचे आणि तेवढ्यावर भागायचं.

रविवारी सकाळी मी पहिल्या एसटीनं गेले. देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. अक्का हिरवं इरकल नेसली होती, डोक्यावर पदर, कपाळावर विभूतीची तीन बोटं. पूजा करणारे म्हातारे स्वामी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले होते. वैनी बाहेर नंदीपाशी उभी होती. आत येऊ नको असं तिला आता कुणी म्हणत नाही, पण तिची सासू नंदीपाशीच उभी राहायची, आणि तीही तिथंच राहते. सगळ्यांच्या हातात मोबाईल वर धरलेले. मला बरंच वाटलं. म्हटलं, घेऊ देत, सगळ्या तालुक्याला दिसू दे.

स्वामी म्हणाले, "जे बोललीस म्हनत्यात ते आदी पुरं बोल. अर्दं गिळायचं न्हाई."

अक्कानं बेलाचं पान तळहातावर घेतलं.  मराठीतली ती वाक्यं तिच्या जिभेला सवयीची नव्हती, दोनदा अडखळली. स्वामींनी पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. मग तिनं डोळे मिटले आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात सगळं म्हटलं. खालच्या गल्लीच्या हातची भाकरी मी विकते, खात नाही, पहिला घास तोंडात घालते आणि मागच्या दाराला जाऊन थुंकते. गाभारा दगडी, त्यामुळं प्रत्येक शब्द घुमला. कुणीतरी मागं घंटेला टेकलं तशी घंटाही वाजली. श्वास घेऊन अक्का पुढं म्हणाली, "आसं मी कवा बोलले आसंन, तर आजपास्नं माज्या तव्यावरली भाकरी फुगू ने. म्हादेवा, तूच बघ." आणि पान पिंडीवर ठेवलं.

 मग समोरच्या पक्षाचे एक म्हातारे गृहस्थ पुढं आले, अक्काला नमस्कार करून म्हणाले, "झालं, बाई. मिटलं." दाजींनी सगळ्यांना चहा पाजला. मी रडले. मला खरंच वाटलं की मिटलं. नंदीपाशी बघितलं तर वैनी नव्हती. म्हटलं, भाकरी थापायला गेली असेल.

मी दुपारच्या गाडीनं निघाले. सोलापूर यायच्या आतच मोबाईलवर अक्का आली. कपाळावर विभूती, मागं घंटा वाजते आहे, आणि ती डोळे मिटून म्हणते आहे, खालच्या गल्लीच्या हातची भाकरी मी विकते, खात नाही. घास, मागचं दार, थुंकते. तिथं व्हिडिओ संपत होता. वर लिहिलं होतं, देवापुढं कबुली.

पहिली क्लिप खोटी होती. या दुसरीत खोटं काहीच नव्हतं. तोंड अक्काचं, आवाज अक्काचा, देऊळ खरं, देव खरा. आमच्याच एका खऱ्या रीतीनं आम्ही ती घडवून दिली होती. खोट्याच्या कपाळी गोटा, असं मी वर्गात शिकवत आले. गोटा कुणाच्या कपाळी बसला ते मी एसटीच्या खिडकीशी बसून हातातल्या मोबाईलवर बघत होते.

मी पूर्ण व्हिडिओ मिळवला आणि ओळखीच्या प्रत्येकाला पाठवला. उत्तरं आली. "बाई, लई मोठा हाय, उघडंना." "बघतो नंतर." माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं न बघताच हात जोडल्याचं चित्र पाठवून "खूप छान" लिहिलं. मला वाटलं, निदान जे देवळात होते ते तरी बोलतील. पण दोन दिवसांनी दाजींचा फोन आला. देवळात माझ्याच शेजारी उभा असलेला माणूस पारावर सांगत होता, "आमच्या म्होरं बोलली की. ह्या कानानं ऐकलं." आणि त्यानं ते खरंच ऐकलं होतं. पुढची शपथही त्यानं ऐकली होती, पण पुन्हा पुन्हा मोबाईल बघून ती विसरला होता. माणसाच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्टही त्याच्या डोक्यातून काढून घेता येते, हे कळलं त्या दिवसापासून मला भीती वाटते. आधी राग यायचा.

अक्का पडली. थोडीथोडकी नाही, चांगली आपटली. तालुक्याला मतमोजणीत खालच्या गल्लीचं यंत्र उघडलं तेव्हा दाजी उठून बाहेर गेले. मशीन बरोबर चाललं, सीलं शाबूत होती, सह्या झाल्या. काम चोख. निवडून आलेल्या बाईंच्या सासऱ्यांवर गुलाल उधळला गेला.

अक्का हरल्याचं दुःख गिळू शकली असती. तिला जगू देईना ती दुसरीच गोष्ट. शपथेच्या दिवसापासून वैनी शेडमध्ये आली नव्हती. पहिल्या, खोट्या क्लिपनंतर आली होती, सगळ्या गल्लीशी भांडून आली होती, आणि खऱ्या शपथेनंतर नाही. अक्का रोज तवा ठेवायची आणि रस्त्याकडं बघायची. बोलवायला जा म्हटलं तर म्हणायची, "तितं कुटल्या तोंडानं जाऊ? आन् वडून आनली तर ती भाकरी ग्वाड लागंल व्हय?" शेवटी मीच गेले.

वैनीच्या दारात गटाराचं पाणी तुंबलेलं होतं. त्यावर दोन विटा टाकलेल्या, त्यांवरून मी आत गेले. तिनं चहा ठेवला. सून आतून भांडी आपटत होती. मी म्हटलं, "वैनी, तुम्हीसुद्धा?"

ती म्हणाली, "बाई, अक्का तसं बोलली न्हाई, ठाव हाय मला. पयल्या दिसापास्नं ठाव हाय. त्ये मोबाईलमदलं ऐकलं तवा मला हसू आलं. ती अक्का नव्हतीच की."

"मग?"

"देवळात अक्काच हुती," ती म्हणाली. "तिच्याच तोंडानं बोलली. मी नंदीपाशी हुबी. थुकते म्हनली आन् त्येच्या म्होरं मला ऐकूच आलं न्हाई, तिकडनं निगून आले."

"अहो, शपथ होती ती!"

"व्हय, शपतच हुती. मला कळतंय की. कळून काय करू? आता घास तोंडात घातला की त्यो आवाज येतो कानात. माज्या सासूला, माज्या आईला लोकं तसंच बोलायची, मागनं, हळू. अक्काच्या तोंडातनं कवा येईल आसं वाटलं नव्हतं. आता आलं. खोटं का आसंना, आलं."

 मला वाटलं होतं, मी तिला समजावून सांगेन. समजावणं हा माझा धंदा आहे. पण तिला सगळं माझ्याइतकंच कळत होतं, आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. निघताना ती विटांपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मत मी तिलाच दिलं बरं का, बाई. सांगा तिला. मत देता येतं. बसून खाता येत न्हाई."

मी अक्काला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग जिंकून तरी काय करायचं हुतं."

गट मोडला. आता वरच्या आळीतल्या दोघी-तिघी येतात, पण भाकरी पूर्वीसारखी पातळ होत नाही आणि दुकानदार कुरकुरतात. मधे खालच्या गल्लीतली पंचायतीची एक जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, बाईसाठी राखीव. एकाही बाईनं अर्ज भरला नाही. एकीला विचारलं तर ती म्हणाली, "कशापायी? माजा आवाज मला ऱ्हाऊ द्या." ती जागा अजून रिकामीच आहे. गटारही तसंच आहे.

मग सोलापुरात महापालिकेची निवडणूक आली. एका सकाळी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. चेहरा धूसर केलेला, कपाळावर विभूती, मागं घंटा. आमच्या प्रभागातली एक उमेदवार काय बोलते ते बघा, असं वर लिहिलेलं. आवाज माझ्या बहिणीचा. मी लिहिलं, ही ती उमेदवार नाही, ही माझी सख्खी बहीण आहे, ती शपथ घेते आहे, हा तुकडा आहे. ग्रुप चालवणाऱ्या काकांनी लगेच लिहिलं, "ताई, ग्रुपवर राजकारण नको." त्यांनी माझं लिहिणं काढून टाकलं. व्हिडिओ तसाच राहिला, कारण तो आवडल्याचं बऱ्याच जणांनी कळवलं होतं.

त्या निवडणुकीत मी मत द्यायला गेले. मशीनपुढं उभी राहिले आणि माझा हात चालेना. ती उमेदवार तशी बोलली नाही, एवढं एकच मला खात्रीनं माहीत होतं. बाकीच्या नावांबद्दल मला जे काही वाटत होतं, हा चोर, तो कामाचा, तो माजलेला, ते सगळं त्याच मोबाईलमधून आलेलं होतं. त्यातलं एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मागून कुणीतरी खाकरलं. मी एक बटण दाबलं, शाईचं बोट घेऊन बाहेर आले, आणि ते उन्हात धरून बघावंसं वाटलं नाही.

अक्का आता हळू बोलते. फोनवर तर बोलतच नाही. मी हॅलो म्हटलं की पलीकडं नुसता श्वास येतो. मी विचारते, "अक्का, आहेस ना?" मग ती फोनवर नखानं टकटक करते, म्हणजे आहे, तू बोल. म्हशीला हाक मारायची झाली तर दाव्यापर्यंत चालत जाते. गावातली माणसं म्हणतात, हरल्यापासून बाई निवळली, आधी फार तोंडाळ होती.

गेल्या महिन्यात मी दोन दिवस तिच्याकडं राहिले. सकाळी शेडमध्ये गेले तर ती एकटीच होती. तवा तापला होता. तिनं जाडसर भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग निखाऱ्याकडं सरकवली. भाकरी टम्म फुगली. एकही फट नाही, कुठं वाफ निसटली नाही.

अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि बोटानं भाकरी दाखवली. मला कळायला एक क्षण लागला. मग कळलं. त्या रविवारपासून रोज सकाळी तिच्या शपथेचा निकाल लागत होता, तिच्या बाजूनं. आणि तो ऐकायला चुलीपुढं कुणी नव्हतं.

माझा हात आपोआप पर्समधल्या मोबाईलकडं गेला. "थांब अक्का, याचा व्हिडिओ..." मी म्हटलं.

मी मोबाईल काढायच्या आत तिनं भाकरीवर हात मारला. वाफ निघून गेली. तिनं भाकरी मोडली, अर्धी आपल्या ताटलीत घेतली. दुसऱ्या अर्ध्या भाकरीकडं मी हात केला, तर तिनं ती बाजूला सारली.

"ती तुजी न्हाई," ती म्हणाली. "तुला दुसरी टाकते."

तिनं त्या अर्ध्या भाकरीवर चटणी घातली, तेलाची धार सोडली आणि वर वाटी झाकून ठेवली. दुपारपर्यंत ती तशीच होती. मग तिनं ती उचलली आणि म्हशीला घातली.